रात्री दोनला बसणारी डबी: द्राक्षबागेतल्या एका रास्पबेरी पायचं प्रकरण

मामांचा फोन सकाळी सहाच्या आत आला, की काय झालंय ते उचलायच्या आधीच कळायचं. "डबी परत बसली बघ." त्यापुढे वाक्य नाही.

डबी म्हणजे निफाड तालुक्यात, पिंपळगाव बसवंतच्या पुढे, त्यांच्या द्राक्षबागेच्या कडेला असलेल्या पत्र्याच्या शेडमधलं रास्पबेरी पाय, म्हणजे एकाच बोर्डावरचा छोटा संगणक. मॉडेल थ्री-बी प्लस. बसवलेलं मीच, त्यामुळे बिघाडही माझ्याच गळ्यात. मी राहतो नाशकात, नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात, देखभाल विभागात. दिवसभर मोठमोठ्या मशिनांचे बिघाड काढणाऱ्या माणसाला तळहाताएवढ्या बोर्डाने महिनाभर कसं फिरवलं, ते इथे क्रमाने लिहितोय. चुकांसकट.

डबीत काय होतं

मामांना ती मुळात थंडीसाठी हवी होती. निफाडचा पारा किती उतरला याची बातमी कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राच्या हवाल्याने दर हिवाळ्यात येते, पण ती येते दुसऱ्या दिवशी. मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवायच्या, तर त्या पहाटेच पेटवाव्या लागतात. म्हणून सप्टेंबरच्या शेवटी, फळछाटणीच्या आधी, दोन डीएस१८बी२० तापमान सेन्सर लावले: एक मांडवाखाली, एक मातीत. मग पानांवरच्या ओलाव्याचा सेन्सर आला, कारण डाऊनी या बुरशीजन्य रोगाची फवारणी घ्यायची की नाही ते त्यावर ठरतं. मग मामा म्हणाले, "एवढं करतोच आहेस तर ठिबकचे व्हॉल्व्ह पण हिच्याकडेच दे." चार व्हॉल्व्ह, म्हणून चार रिलेंचं, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या स्विचांचं, तयार मॉड्यूल. निरोप पाठवायला यूएसबीवर फोर-जी डोंगल. हे सगळं इलेक्ट्रिशियन लोक वापरतात तसल्या राखाडी, झाकणबंद जंक्शन बॉक्समध्ये.

डबीला वीज घराच्या सिंगल फेजवरून, तीही इन्व्हर्टरच्या मागून. म्हणजे लाईट गेली तरी डबी चालू. पंप वेगळा, थ्री फेजवर. त्याच्या स्टार्टरला टायमर आहे. रात्री दोनला पंप उठतो आणि त्याच वेळी डबी व्हॉल्व्ह उघडते.

अख्खा हिवाळा कुरकुर न करता गेला. पहिला फोन आला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात.

फोनवरची निदानं

लक्षण दर वेळी एकच. सकाळी डबी मुकी, निरोप नाही, दूरून जोडणी होत नाही. मामेभाऊ प्लग काढून परत लावायचा. दोनदा ती तेवढ्याने उठली. दोनदा उठलीच नाही, आणि तेव्हा झाकण उघडलं तर हिरवा दिवा सात-सात वेळा लुकलुकत होता. या बोर्डांवर हिरव्या दिव्याची ठरलेली भाषा असते: चार झपके म्हणजे सुरुवातीची स्टार्ट फाइल सापडली नाही, सात म्हणजे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सापडला नाही. दोन्हींचा रोख मेमरी कार्डाकडे. म्हणून पहिलं निदान सरळ होतं, कार्ड गेलं. नवं कार्ड दिलं. बारा दिवसांत तेही गेलं.

इथे मी थोडं थांबायला हवं होतं. रास्पबेरी पायचं काहीही बिघडलं की "कार्ड खराब" म्हणायची सवय सगळ्यांनाच आहे, मलाही. पण ती दोन्ही "मेलेली" कार्डं नंतर मी घरी आणली आणि एफ-थ्री नावाच्या प्रोग्रामने पूर्ण भरून परत वाचून पाहिली. एकही चूक निघाली नाही. कार्डं धडधाकट होती, त्यांच्यावरची फाइलव्यवस्था तेवढी फाटली होती. हे काम मी पहिल्या कार्डाच्या वेळीच केलं असतं, तर दुसऱ्याचे पैसे वाचले असते.

दुसरं निदान मामांचं: ऊन. एप्रिल सुरू झाला होता, पत्र्याची शेड, आणि नाशिकचं एप्रिलचं ऊन काही लाजत नाही. त्यातच त्यांच्या मोबाईलवर एका दुपारी मांडवाखालचं तापमान ८५ अंश आलं. मग काय, शेडवर उसाचं पाचट पसरलं गेलं, त्यावर दिवसातून दोनदा पाणी. मी म्हटलं, "मामा, डबी बसते रात्री दोनला. तेव्हा कसलं ऊन?" त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं: "दिवसा तापते, रात्री बसते. माणसाचं नाही का तसं होत?"

तिसरं निदान माझं, आणि ते मला फार आवडलेलं होतं: पंप. दोनला पंप सुरू होतो, दोनलाच डबी बसते. मोटर उठताना लाईनवर झटका येतो, कॉन्टॅक्टर, म्हणजे स्टार्टरमधला मोठा स्विच, आपटतो, ठिणगीचा गोंधळ तारांत शिरतो. कारखान्यात असले प्रकार मी डोळ्यांनी पाहिलेत, म्हणून इथेही तेच दिसलं.

विजेचा दाब कमी पडतोय का, हेही मी विचारलं होतं बरं. रास्पबेरी पायमध्ये त्यासाठी सोय आहे: व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड असा आदेश द्यायचा, तो एक आकडा देतो. मामेभावाला फोनवरून तो टाइप करायला लावला. उत्तर आलं शून्य. म्हणजे पुरवठा ठीक. मी ती शक्यता खोडून टाकली.

ती खोडणंच या प्रकरणातली सगळ्यात महाग चूक. हा आकडा बोर्ड सुरू झाल्यापासूनचीच गोष्ट सांगतो. रात्री दाब पडला, बोर्ड बसलं, सकाळी प्लग काढून लावला, की पाटी कोरी. त्या कोऱ्या पाटीवर काय लिहिलंय ते मी सकाळी साडेसहाला विचारत होतो.

रविवार

एप्रिलमधल्या एका रविवारी मीटर, सोल्डरिंग गन आणि सुटं सामान घेऊन गेलो. खरड छाटणी नुकतीच झालेली, बाग उघडीबोडकी. आधी चहा झाला, मग शेड.

पहिलं काम पंपाचा संशय. रिले मॉड्यूलची तार डबीपासून सोडवली आणि पंप हाताने चालू-बंद केला. दहा वेळा. डबी हलली नाही. मग उलट केलं: पंप बंद ठेवला, रिले परत जोडले, चारही एकदम लावले. तिसऱ्या वेळी डोंगलचा दिवा विझला, जोडणी तुटली. पंपाचा यात काही हात नव्हता. दोन गोष्टी एकाच वेळी घडत होत्या आणि मी त्यातली मोठा आवाज करणारी धरून बसलो होतो.

आता बोर्डावर प्रत्यक्ष किती व्होल्ट पोचतात ते बघायचं. पिनांच्या रांगेत २ नंबरवर ५ व्होल्ट, ६ नंबरवर ग्राउंड. मीटरच्या जाड टोकांनी, अंधारात, डबी डाव्या हातात धरून मी ते मोजायला गेलो. टोक घसरलं. १ नंबरची पिन ३.३ व्होल्टची, आणि ती २ नंबरच्या अगदी शेजारी. क्षणभर दोन्ही एकमेकींना चिकटल्या. आवाज नाही, धूर नाही. नुसता हिरवा दिवा गेला. लाल चालू.

थ्री-बी प्लसवर लाल दिवा लागतो आणि हिरवा मुळीच हलत नाही, तेव्हा आधी ३.३ व्होल्टची पिन मोजायची. मोजली. पाव व्होल्टही नव्हता. या बोर्डावर ३.३, १.८ वगैरे सगळे दाब एकच चिप तयार करते, आणि ३.३ च्या लाईनवर ५ व्होल्ट घुसले की ती गेलीच म्हणून समजा. शेडमध्ये बसून बदलण्यासारखी ती चिप नाही. शेजारी उभे असलेले मामा म्हणाले, "झालं का नीट?"

मी सांगितलं, की आता मात्र खरंच गेली.

हा प्रसंग गाळून लिहिता आला असता. पण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. बॅगेत माझं जुनं थ्री-बी होतं, प्लस नसलेलं, २०१६ सालचं मॉडेल. त्याच कार्डासह, त्याच तारांवर ते लावलं, चारही रिले उठवले, आणि पाचव्या वेळी तेही तसंच आचके देऊ लागलं. बोर्ड नवं, लक्षण तेच. म्हणजे मी मारलेलं बोर्ड निर्दोष होतं. हे कळायला ते मरावं लागलं, याचं वाईट वाटतं.

या खेपेला मोजमाप सुधारलं. २ आणि ६ नंबरला दोन वेगळ्या तारा खोचून डबीच्या बाहेर काढल्या, टोकं टेपने गुंडाळून मीटरला जोडली, आणि मीटर सर्वांत कमी आकडा धरून ठेवण्याच्या सेटिंगवर टाकला. साधा मीटर सरासरी दाखवतो, क्षणाची बुडी त्याला दिसत नाही. नुसतं बोर्ड आणि डोंगल असताना ४.८२ व्होल्ट. चार रिले लावले की ४.५४. तेही मीटरला जेवढं पकडता आलं तेवढंच.

या बोर्डांवर दाबावर नजर ठेवणारा भाग ४.६३ व्होल्टच्या आसपास तक्रार करतो. त्याच्या खाली गेलं की लाल दिवा विझतो. म्हणजे दर रात्री दोनला लाल दिवा मिणमिणत असणार, आणि मी तो राखाडी झाकणात बंद करून ठेवला होता. पारदर्शक झाकणाचा बॉक्स थोडा महाग मिळतो, एवढ्यासाठी.

आता प्लगकडे गेलो. तो स्टार्टरच्या पॅनलमागे, गंधकाच्या गोण्यांच्या आड. हात घालून बाहेर ओढला, तर पांढरा मोबाईल चार्जर. मी लावलेला काळा होता, केबल अडॅप्टरलाच जोडलेली.

"हा कुठला?" मी मामेभावाला विचारलं.

"दादा, तो जुना संक्रांतीच्या सुमारास उंदराने कुरतडला ना. घरातला लावला. यावर पण दोन अँपिअरच लिहिलंय."

"अरे, मी चारदा विचारलं तुला, काही बदललंय का म्हणून!"

"चार्जर बदलला तर काय बदललं त्यात?"

त्याला रागावण्यात अर्थ नव्हता, कारण तेवढ्यात माझ्याच लक्षात आलं की मीही एक गोष्ट सांगितली नव्हती, स्वतःलासुद्धा. हिवाळ्यात व्हॉल्व्ह एकामागून एक उघडायचे. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मामेभाऊ म्हणाला की नवा फिल्टर बसवल्यापासून चारही प्लॉटना एकदम पाण्याचा दाब पुरतो, आणि मी नाशकातून बसल्या बसल्या प्रोग्रामच्या दोन ओळी बदलल्या. हार्डवेअरचा बिघाड शोधताना त्या दोन ओळी माझ्या डोक्यातच आल्या नाहीत. जानेवारीत केबल अशक्त झाली, तरी ती एका रिलेचं ओझं पेलत होती. मार्चमध्ये मी चौपट ओझं टाकलं.

केबलचा हिशोब

"दोन अँपिअर लिहिलंय" हे खरंच होतं. चार्जरच्या तोंडाशी मोजलं तेव्हा ५.०८ व्होल्ट, भार टाकल्यावरही जवळपास तेवढेच. चार्जर बिचारा प्रामाणिक. घोळ त्याच्या पुढच्या मीटरभर तारेत.

स्वस्त चार्जिंग केबलमध्ये बहुतेक वेळा २८ गेजची, म्हणजे बरीच बारीक, तार असते. तिचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. वीज जाते आणि परत येते, म्हणून मीटरभर केबलमध्ये दोन मीटर तार, ०.४२ ओहम. त्यात दोन्ही टोकांच्या पिनांचा थोडा. सगळं मिळून अर्ध्या ओहमच्या आत-बाहेर. बोर्ड आणि डोंगल मिळून अर्धा-पाऊण अँपिअर घेत होते, म्हणजे पाव व्होल्टभर तारेतच गळाले. मीटरने नेमकं तेवढंच दाखवलं होतं. चार रिलेंच्या कॉइल प्रत्येकी ७० ते ८० मिलिअँपिअर, म्हणजे आणखी ०.३ अँपिअर. त्याच वेळी "व्हॉल्व्ह उघडले" असा निरोप पाठवायला डोंगल जोर लावतो, त्याची ओढ वेगळी. एक-सव्वा अँपिअरला अर्ध्या व्होल्टहून जास्त जातात. ५.०८ मधून ते वजा केले की येतात साडेचारच्या आसपास.

थ्री-बी प्लससाठी सांगितलेला पुरवठा ५.१ व्होल्ट, २.५ अँपिअरचा आहे. तो वरचा ०.१ उगाच नाही, तारेत जे गळणार त्याची आगाऊ भरपाई आहे ती. मोबाईलला याची गरज नसते. त्याच्या पोटात बॅटरी असते, दाब थोडा कमी आला तर चार्जिंग हळू होतं, बस्स. बोर्डाच्या पोटात काही नाही, आणि नेमकं कार्डावर लिहिणं चालू असताना दाब घसरला, की फाइलव्यवस्थेची वाट लागते. नंतर नोंदींतही तेच सापडलं: कार्डाच्या नावापुढे उणे ११० ही चूक, म्हणजे वाट पाहून कंटाळल्याची, आणि त्यामागोमाग फाइलव्यवस्था फक्त वाचण्यापुरती केल्याची ओळ.

८५ अंशांचं भूत

मामांचं ८५ राहिलं होतं. त्यांच्या दृष्टीने तोच खरा पुरावा.

मी जुन्या नोंदी उघडून त्यांना दाखवल्या. दोन महिन्यांत अकरा वेळा ८५. दर वेळी बरोबर ८५.०००, कधी ८४.९ नाही, कधी ८५.१ नाही. त्याच्या आधीच्या नोंदीत ३४, नंतरच्या नोंदीत ३४. "मामा, मांडवाखाली दहा मिनिटांसाठी ८५ अंश झाले असते तर काड्या वाफवून निघाल्या असत्या."

डीएस१८बी२० ला वीज मिळाली की पहिलं मोजमाप पुरं होईपर्यंत त्याच्या पोटात ८५ हाच आकडा असतो. मोजमाप चालू असताना त्याची वीज क्षणभर तुटली, तर तो नव्याने जागा होतो आणि विचारणाऱ्याला तोच ८५ हातात देतो. मग हेही केबलचंच काम का? मला आधी तसं वाटलं, सगळं एका धाग्यात छान बसत होतं. पण हा सेन्सर ३ व्होल्टपर्यंत तग धरतो, ४.५४ ने त्याचं काही बिघडत नाही. शिवाय अकरापैकी नऊ नोंदी दिवसाच्या होत्या, वाऱ्याच्या वेळच्या. मांडवाखालच्या तारेचा जोड तपासला. टेप सोडवली, आत लाल तारेचं सोल्डर नुसतं टेकलेलं, हलवलं की सुटणारं. ते सोल्डर माझंच. पुन्हा केलं, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवली. दुसऱ्या बिघाडाचं खरं कारण एवढंच, आणि पहिल्याशी त्याचं काही नातं नव्हतं. पण त्यानेच महिनाभर उन्हाच्या निदानाला खतपाणी घातलं.

मग काय केलं

त्या रविवारी तात्पुरतं: प्रोग्राममध्ये व्हॉल्व्ह पुन्हा एकामागून एक केले. पुढच्या रविवारी बाकीचं.

पुरवठा ५.१ व्होल्ट २.५ अँपिअरचा, केबल जोडून आलेला, आणि ती केबल उंदरासाठी पीव्हीसी पाइपातून. रिलेंना स्वतंत्र ५ व्होल्ट. या मॉड्यूलवर जेडी-व्हीसीसी लिहिलेल्या पिनांवर एक जंपर, म्हणजे शेजारच्या दोन पिना जोडणारी छोटी टोपी, असतो. तो काढला, वेगळ्या अडॅप्टरचे ५ व्होल्ट आणि ग्राउंड तिथे दिले, आणि शेजारच्या व्हीसीसीला बोर्डाचे ३.३. आता कॉइलचं ओझं बोर्डाच्या केबलवर येतच नाही, बोर्ड फक्त इशारा देतं. जंपर न काढता हे केलं तर दोन वेगळे पुरवठे एकमेकांत मिसळतात, आणि लागोपाठच्या दोन रविवारी दोन बोर्डं मारायची माझी इच्छा नव्हती. झाकण पारदर्शक आणलं.

आणि गेट_थ्रॉटल्डचा तो आकडा आता दर मिनिटाला कार्डावर लिहिला जातो, लगेच पक्का केला जातो. जुनी केबल मुद्दाम एका रात्रीसाठी परत लावून पाहिली, चारही रिले जुन्या पद्धतीने जोडून. १ वाजून ५९ मिनिटांनी शून्य. २ वाजता ०-एक्स-५०००५. शेवटचा ५ सांगतो, आत्ता दाब कमी आहे आणि वेग उतरवलाय. सुरुवातीचा ५ सांगतो, बोर्ड सुरू झाल्यापासून हे कधीतरी घडलंय. पुढे नोंदच नाही. सकाळी साडेसहाला, प्लग काढून लावल्यावर, पुन्हा शून्य.

नव्या जोडणीवर सगळं चालू असताना २ आणि ६ नंबरवर सर्वांत कमी ५.०१ व्होल्ट. मे महिना त्यावर गेला. डबीतलं चिपचं तापमान काही दुपारी सत्तरीत पोचलं, तरी आकडा शून्यावरून हलला नाही. या जुन्या थ्री-बीचा वेग ८० च्या पुढे उतरू लागतो, तिथवर ते गेलंच नाही.

मामांना हे फोनवर सांगितलं. थोडा वेळ गप्प होते.

"मग उन्हाने नव्हतंच म्हणतोस."

"नव्हतं, मामा."

"मग शेडवरचं पाचट काढू का?"

"राहू द्या. आत बसायला गार वाटतं."